निमंत्रणातली नऊ वर्तुळं

माझा धाकटा भाऊ शिकलेला आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही शंका येईल. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. रेघेत केसाएवढी चूक असली तरी त्याला जेवण जात नाही. आणि हाच माणूस दर वर्षी गणपतीच्या तोंडावर अक्कल खुंटीला टांगून एका निमंत्रणाचा अर्थ लावत बसतो.

निमंत्रण त्याला आलेलं नसतं, हे विशेष. एक परदेशी कंपनी आहे, ती दर वर्षी नवा फोन काढते. त्याआधी कार्यक्रम ठरवते आणि कार्यक्रमाची पत्रिका पाठवते. वर्तमानपत्रवाल्यांना, टीव्हीवाल्यांना, असल्याच बड्या लोकांना. त्या पत्रिकेचं चित्र मग जगभर फिरतं आणि फिरत फिरत वाईच्या अलीकडे, आमच्या गावात, उसाच्या रानाला लागून असलेल्या आमच्या घरात येऊन पोचतं. पत्रिकेवर तारीख असते, वेळ असते, एखादं चित्र आणि दोन-तीन इंग्रजी शब्द असतात. शहाण्या माणसाने तारीख बघावी आणि कामाला लागावं. पण माझ्या भावाच्या मते त्या चित्रात कंपनीने काहीतरी लपवून ठेवलेलं असतं. कंपनी उगाच काही करत नाही, हे त्याचं लाडकं वाक्य. स्वतः तो किती गोष्टी उगाच करतो याचा हिशोब त्याने कधी ठेवला नाही.

हे वेड एकट्याचं असतं तर मी त्याला चार शब्द सुनावून गप्प बसले असते. पण त्याचा एक ग्रुप आहे, चाळीसेक जणांचा. सगळे बाप्ये. कराडचा एक प्राध्यापक आहे, इस्लामपूरचा दातांचा डॉक्टर आहे, आटपाडीचा एक फोटो स्टुडिओवाला आहे. या आटपाडीवाल्याच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली. दीडशे मेंढरांत आपलं कोणतं हे ते लांबून ओळखायचे, असं तो अभिमानाने सांगतो. तीच नजर घेऊन नातू आता पत्रिकेतले ठिपके मोजतो. आजोबांच्या मोजण्याने निदान संध्याकाळी मेंढरं घरी यायची.

पत्रिका आली की कार्यक्रमापर्यंतचे दोन-तीन आठवडे हे लोक नुसता काथ्याकूट करतात. एका वर्षी पत्रिकेवर जांभळी छटा होती. जांभळं म्हणजे तिन्हीसांज, तिन्हीसांज म्हणजे अंधारात दिसणारा कॅमेरा. प्राध्यापकाने त्यावर दोन पानं लिहून काढली. दातांच्या डॉक्टराने त्याला दुजोरा दिला, का ते त्यालाच ठाऊक. फोन निघाला तो आधीच्यासारखाच, फक्त एक जांभळा रंग वाढवलेला. आता यांनी काही दिवस तोंड लपवून बसावं की नाही? आठवड्याभरात हेच लोक एकमेकांना सांगत होते की खूण बरोबरच होती, वाचायला आपण कमी पडलो.

मला याचा इतका राग यायचं कारण माझा धंदा आहे. लग्न होऊन मी सांगलीला आले. विश्रामबागेत माझं पत्रिका करून द्यायचं दुकान आहे. लग्नाच्या, वास्तुशांतीच्या, मंडळांच्या, नव्या दुकानांच्या उद्घाटनाच्या अशा किती पत्रिका वीस वर्षांत माझ्या हातून गेल्या ते मला सांगता यायचं नाही. त्यामुळे पत्रिकेत काय लपलेलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे. काहीही लपलेलं नसतं. मोर असतो, कारण मोराचं चित्र कॉम्प्युटरवर तयार असतं. मोराचं तोंड डावीकडे असतं, कारण उजवीकडे मामाचं नाव बसवायचं असतं. पिवळ्याऐवजी बदामी कागद येतो, कारण पिवळा संपलेला असतो.

पण हे आमच्या भागात कुणाला पटत नाही. लग्नाची पत्रिका घरात आली की नवरानवरीची नावं कोणी बघत नाही. घरातला कर्ता माणूस चष्मा लावतो आणि बोट थेट खाली निमंत्रकांच्या यादीवर नेतो. कुणाचं नाव कुणाच्या वर आहे, कुणाचं गाळलं, माजी सैनिकाच्या नावापुढे त्याचा हुद्दा टाकला की नुसतंच नाव ठेवलं, धाकट्या चुलत्याला थोरल्याच्या ओळीत कसं काय बसवलं. यावरून पंचनामा होतो. दोन-दोन वर्षं बोलणं बंद होतं. एकदा एका म्हाताऱ्याने तासगावहून माझ्या दुकानात येऊन मला विचारलं होतं, की माझं नाव कडेच्या वेलबुट्टीला चिकटवायला तुला सांगितलं कुणी. मी सांगितलं, आजोबा, तुमचं नाव लांब आहे, मधे बसेना. तो माणूस मला खोटारडी म्हणून गेला आणि लग्नाला गेला नाही.

माझा भाऊ हेच बघत वाढला. चुलत्यांच्या शेजारी बसून त्यानेही पत्रिकांवरून बोट फिरवलं. म्हणून मला वाटतं, त्याचं वेड काही परदेशातून आलेलं नाही. तो त्या कंपनीची पत्रिका भावकीतली असल्यासारखी वाचतो. जणू तिकडच्या ऑफिसात कुणीतरी बसलंय आणि म्हणतंय, वाईकडच्या पाहुण्यांना कळेल असं काहीतरी टाका रे यात.

आता आबांचं सांगते, कारण ज्याचं खरं नुकसान झालं तो माणूस म्हणजे आमचे वडील. आबा तोफखान्यात होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले, गावी येऊन ऊस केला, आई गेल्यावर भावाच्या संसारात राहिले. तोफांनी त्यांचे कान तरुणपणीच थोडे खाल्ले होते. साठीनंतर ते जास्त जाणवायला लागलं. आमचं बोलणं व्हायचं दर रविवारी सकाळी नऊला, फोनवर. म्हैस व्यायली, पाण्याची पाळी आली, अमक्याचा मुलगा भरती झाला, तमका गेला. अर्धा तास सहज जायचा. मग हळूहळू असं व्हायला लागलं, की आबा त्यांचं सांगून टाकायचे, मी काही विचारलं की एक क्षण थांबायचे आणि बरं, ठेवतो, म्हणून ठेवून द्यायचे. मी इकडे तोंड उघडं टाकून बसलेली. मला ते आतून लागायचं. आई गेल्यापासून माहेर म्हणजे माझ्यासाठी तो अर्धा तासच उरला होता.

म्हणून श्रावणात मी त्यांना सांगलीला आणलं. विश्रामबागेतच कानांच्या तपासणीचं एक क्लिनिक आहे, तिथल्या मॅडम बोलायला साध्या. त्यांनी आबांना काचेच्या लहान खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि बाहेरून एकेक शब्द म्हटला. पाणी, भात, दार, रस्ता असे रोजचेच. आबांनी ऐकून परत म्हणायचे. वीस शब्द होते. आबांनी चौदा बरोबर म्हटले आणि परेडला हजेरी द्यावी तसे ताठ बसून म्हटले. मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे, आत्ताच दोन्ही कानांना मशीन लावू या. कानाचा साचा घ्यावा लागतो, त्यासाठी गौरीगणपती झाल्यावरची वेळ त्यांनी दिली. आबांचा चेहरा पडला. मशीन दिसणार म्हटल्यावर त्यांना नको होतं. गावात कानामागे मशीन दिसलं की माणसं उगाच ओरडून बोलतात आणि पाठीमागे बहिरा म्हणतात. पण मी म्हटलं, आबा, माझ्यासाठी लावा. ते बरं म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी कंपनीची पत्रिका निघाली.

काळ्या कागदावर निळी वर्तुळं, एकात एक, बाहेर जाता जाता विरळ होणारी. खाली तीन इंग्रजी शब्द, जरा जवळ या, अशा अर्थाचे. आटपाडीवाल्याने वर्तुळं मोजली, नऊ भरली. मग नऊचं काय काय होतं यावर ग्रुपमध्ये दोन दिवस गेले. नवग्रहांपर्यंत गाडी गेली होती असं मला नंतर कळलं. माझ्या भावाने तर कहर केला. त्याने ते चित्र कारखान्याच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं आणि प्रत्येक वर्तुळाची त्रिज्या मोजली. मिलिमीटरमध्ये. कुणाच्या तरी मोबाईलवरून कुणीतरी काढलेल्या फोटोची.

आणि रविवारी तो सांगलीला आला. सांगायला म्हणून गौरीचं बोलावणं करायला आला होता. पण बॅगेत लॅपटॉप होता. चहा घेऊन झाल्यावर तो माझ्या दुकानात येऊन बसला. चातुर्मासात लग्नं नसतात, पण मंडळांची कामं अंगावर असतात. मी एका मंडळाच्या महाप्रसादाची पत्रिका करत होते आणि अध्यक्षांनी स्वतःचा फोटो तिसऱ्यांदा मोठा करायला सांगितला होता. माझं डोकं आधीच फिरलेलं. भावाने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला, त्रिज्यांचा तक्ता उघडला आणि म्हणाला,

"आक्का, तू या धंद्यातली हायस. सांग बघू, एवढी वर्तुळं माणूस कशाला काढंल?"

खरं उत्तर मला माहीत होतं. मधली जागा मोकळी दिसायला लागली की आम्ही वर्तुळं टाकतो. मी हे त्याला मागच्या वर्षी सांगितलं होतं, त्याच्या मागच्या वर्षीही सांगितलं होतं. त्यामुळे मी अध्यक्षांच्या फोटोवरून नजर न हलवता म्हटलं,

"कानाचं काहीतरी असणार. आवाजाच्या लाटा अशाच काढतात. तुझी कंपनी आता बहिऱ्यांसाठी यंत्र काढणार बघ. कानात घातलं तर कुणाला दिसायचंसुद्धा नाही."

तो गप्प झाला. मला वाटलं त्याला टोमणा कळला. वळून बघते तर गडी तोंडाचा आ करून चित्राकडे बघत होता. मग त्याने लॅपटॉप मिटला, मला नमस्कार केला, चेष्टेने नव्हे, आणि वाईच्या एसटीत बसेपर्यंत ग्रुपला कळवूनही टाकलं. एका व्यावसायिक डिझायनरच्या मते, अशी सुरुवात होती. संध्याकाळपर्यंत आटपाडीवाल्याने माणसाच्या कानाचं चित्र काढून त्यावर ती नऊ वर्तुळं बसवून दाखवली होती. बसली म्हणे तंतोतंत.

मी दोन दिवस हे ज्याला त्याला सांगून हसले. नवऱ्याला सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, कागद घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगितलं. चाळीस शिकलेली माणसं आणि त्यांच्या नाकात मी वेसण घातली, एका वाक्यात. मला फार भारी वाटलं. त्या वर्षी गौरीलाही गेले नाही, मंडळांच्या कामामुळे.

गौरी गेल्यावर चार दिवसांनी क्लिनिकमधून फोन आला. तुमच्या वडिलांची साच्याची वेळ तुमच्या भावाने रद्द केली, पुढची कधीची देऊ? मी भावाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, आठवड्याभराचा तर प्रश्न आहे, कंपनीचा कार्यक्रम होऊ दे, आबाच म्हणाले थांबू या. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मी चेष्टा केली होती, वर्तुळं ही वर्तुळं असतात. त्यावर तो हसला आणि म्हणाला, की तू आता माघार घेतेस म्हणजे त्यात नक्की काहीतरी आहे.

या माणसांचं हे असं असतं. हो म्हणा, ती खूण. नाही म्हणा, ती त्याहून मोठी खूण. यांच्यापुढे कुठलं सत्य टिकणार? मी रागाने फोन ठेवला.

तेव्हाच एसटीत बसायला हवं होतं. आबांना फोनवर कळत नव्हतं, पण समोर बसून, तोंडाकडे बघून बोललं तर कळत होतं. तीन-चार तासांची वाट. पण मला फणकारा आला होता. लहानपणापासून त्या घरात शेवटचा शब्द मुलाचा. मी आबांना कानाच्या मॅडमकडे नेलं, मी वेळ घेतली, आणि मुलाने एक चित्र दाखवल्याबरोबर आबा त्याच्या बाजूला. मग बसा म्हटलं दोघे चित्राकडे बघत. अगदी याच शब्दांत मी नवऱ्याला म्हटलं होतं.

कार्यक्रम झाला. कानाचं काहीही निघालं नाही. फोन निघाले, घड्याळ निघालं. सकाळी उठून मी ते वाचलं आणि भावाला दात काढून हसणारं एक चिन्ह पाठवलं. क्लिनिकची वेळ परत घेतली नाही. आता त्याने स्वतः फोन करून मान्य करावं, चुकलो म्हणावं, मग बघू, असं माझं चाललं होतं. तो कशाला मान्य करतो? ग्रुपने आठवड्याभरात शोधून काढलं, की वर्तुळं बाहेर जाताना विरळ होतात, म्हणजे गोष्ट लांबणीवर आहे, उन्हाळ्याच्या कार्यक्रमात येणार. उन्हाळ्यात आली नाही. मग म्हणाले, जरा जवळ या, म्हणजे अजून जवळ आलेलं नाही. या लोकांना पंचांग करायला बसवलं तर अमावस्येलाही चंद्र दाखवतील.

मधल्या काळात रविवारचे फोन आटले. आधी पाच मिनिटं, मग दोन, मग एका रविवारी आलाच नाही. मी केला तर भावाच्या बायकोने उचलला. आबांना आता फोन नको वाटतो, ती म्हणाली, कानाला लावतात आणि नुसते बघत बसतात. दिवाळीला आबा सांगलीला आले नाहीत. संक्रांतीला मी दोन दिवस गावी जाऊन आले, सगळी घरात होती, बोलणं वरवरचं झालं. मशीनचा विषय मी काढला नाही. भावाने काढावा म्हणून वाट बघत राहिले. मला कुणी विचारलं तर मी म्हणायचे, आमच्याकडे एक येडा आहे, त्याच्यापायी सगळं अडलंय. लोक च् च् करायचे. मला त्यातही बरं वाटायचं.

पुढच्या गणपतीत मात्र मी गौरीला गेले. संध्याकाळी आरती होती. आरती आबा म्हणायचे आमच्याकडे, वरच्या पट्टीत, शेजारची घरं ऐकून यायची. त्या दिवशी भाऊ म्हणत होता आणि आबा मागे खुर्चीवर बसले होते. टाळी वाजवत होते. मी सहज बघितलं तर त्यांची नजर शेजारच्याच्या हातांवर होती. त्याचे हात जवळ आले की आबा टाळी मारायचे, अर्ध्या मात्रेने मागून. शेजाऱ्याने आरती संपल्यावर हात जोडले, तेव्हा यांनी जोडले. प्रसाद घेताना भाऊ मला सांगत होता, की या वर्षीच्या पत्रिकेवर पान आहे आणि पानाच्या शिरा बघण्यासारख्या आहेत. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं की तुझ्या तोंडाला कुलूप लाव. त्याने प्रसाद तोंडात टाकला. मग म्हणाला, दसऱ्यापर्यंत थांबू या आक्का, एवढं थांबलो.

मी त्याच्याशी बोललेच नाही. सकाळी आबांच्या समोर उभी राहिले आणि हाताने खूण केली, चला. कुठे, कशाला, त्यांनी काही विचारलं नाही. आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले.

क्लिनिकमध्ये तीच काचेची खोली, तेच शब्द. मॅडम बाहेरून म्हणत होत्या, मी त्यांच्या शेजारी उभी होते. आबा तसेच ताठ बसले होते. पाणी, मॅडम म्हणाल्या. आबा थांबले. मग मान हलवली. भात. आबा समोर बघत राहिले. वीसपैकी पाच शब्द त्यांनी म्हटले. दोनदा त्यांनी स्वतःहून सांगितलं,

"आवाज आला. शब्द न्हाई आला."

मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं. कान बंद राहिला की डोक्याची ऐकायची सवय मोडते. मशीन लावलं की आवाज मोठा होईल, पण आवाजातून शब्द वेगळा काढायचं काम मशीन करत नाही, ते माणसालाच करावं लागतं. सराव घेऊ. किती परत येईल, सांगता येत नाही. मी विचारलं, गेल्या वर्षीच लावलं असतं तर? त्या म्हणाल्या, वय आहे, तोफांचं जुनं नुकसान आहे, कशामुळे किती गेलं ते नेमकं मी सांगणार नाही. मग म्हणाल्या, पण गेल्या वर्षी लावायला हवं होतं.

साच्याला अर्धा तास होता. मॅडमनी आबांच्या एका कानाला तात्पुरतं मशीन अडकवून दिलं, सवय व्हावी म्हणून, आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. बाकावर आणखी सात-आठ माणसं होती. मी आबांच्या अगदी समोर वळले, तोंड त्यांना दिसेल असं, आणि मनातलं सगळं ओकले. एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने. त्या येड्याच्या नादाला लागून तुम्ही वर्ष घालवलंत. तो चित्रं बघून भविष्य सांगणारा, तुम्ही त्याचं ऐकता, माझं ऐकत नाही. निम्मं त्यांना कळलं असेल. आबा माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि नेहमीच्या, जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाले,

"त्याचं कुठं ऐकलं मी? तो तर दर वर्साला कायबाय सांगतुया. ह्या टायमाला म्हणाला, आक्कानं सांगितलंय, कानाचं येणार हाय, कुणाला दिसायचं न्हाई. मग म्हटलं थांबू. तू उगं बोलत न्हाईस."

बाकावरच्या बाईने आमच्याकडे बघितलं. वर्षभर मी ज्याच्या नावाने खडे फोडत होते तो बिचारा फक्त निरोप्या होता. चाळीस मूर्खांत मोजायला मी एकटीच राहून गेले होते, आणि मला तर ठाऊक होतं ना, वर्तुळं का काढतात ते.

मी म्हटलं, आबा, मी चेष्टा केली होती. त्यांनी कान पुढे केला. मी परत म्हटलं, मोठ्याने. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, कपाळाला आठ्या घालून. आता बाकावरची सगळीच माणसं आमच्याकडे वळून बघत होती. तिसऱ्यांदा मला अक्षरशः ओरडावं लागलं, एकेक शब्द तोडून, तुमच्या कानांची मी चेष्टा केली होती, म्हणून. रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

या वेळी त्यांना कळलं. सदऱ्याच्या बाहीची घडी त्यांनी दोन बोटांनी सरळ केली.

"मंग तवाच येऊन सांगायचं हुतं की गं," ते म्हणाले.

आतून आबांचं नाव पुकारलं. एकदा, मग पुन्हा एकदा. ते रस्त्याकडे बघत बसले होते. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना उठवलं आणि आत घेऊन गेले.